सबवूफर दुकानात नेण्याआधी

जुलैमधल्या एका संध्याकाळी पणजीहून डिचोलीला परतताना गाडीत लावलेलं भजन मध्येच पातळ झालं. गळा ऐकू येत होता, टाळ ऐकू येत होते, पण पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा निम्मासुद्धा राहिला नव्हता. डिकीतला बारा इंची सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा मोठा स्पीकर, पूर्ण बंद पडला नव्हता, पण त्याचा जोर गेला होता. बिलाच्या तारखेप्रमाणे वॉरंटीचे पाच महिने शिल्लक होते.

काही वर्षांपूर्वी असंच झालं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सबवूफर उचलून एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्याने मधली टोपी कापून आत पाहिलं, “कॉइल गेल्या, बाब” म्हणाला आणि परत चिकटवून दिली. (कॉइल म्हणजे स्पीकरचा पडदा, म्हणजेच कोन, हलवणारं तारेचं वेटोळं.) कापलेली टोपी दिसताच कंपनीने वॉरंटी नाकारली. त्या माणसाला मी दोष देत नाही. उघडून बघणं हे त्याचं कामच आहे. वॉरंटीतली वस्तू त्याच्यापुढे ठेवायची नसते, एवढंच. म्हणून या खेपेला दुकानाची पायरी चढण्याआधी घरी आठवडाभर तयारी केली. तीच इथे क्रमाने सांगतो.

सगळ्यांत आधी सबवूफर वाजवणं थांबवा. हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओच्या) सेटिंगमधून सबचं आउटपुट बंद करा, किंवा बेसचा नॉब असेल तर तो शून्यावर आणा. कमकुवत झालेला सब बरा होतोय का बघायला आवाज वाढवला, तर उरलेली कॉइलही जळते. शिवाय कॉइल आतल्या आत शॉर्ट झाली असेल तर सबला ताकद देणारा ॲम्पही (ॲम्प्लिफायर) जातो. मग जे तुटलं होतं ते एकीकडे राहतं आणि कंपनीच्या माणसाला फक्त जळकी कॉइल दिसते.

त्याच रात्री, आठवण ताजी असताना, एका कागदावर लिहून काढा. कोणत्या तारखेला झालं, गाडी चालू होती की उभी, आवाज साधारण किती होता, जळल्याचा वास आला का, खरखर झाली का, आवाज एकदम गेला की येत-जात राहिला. ॲम्पवरचा लाल दिवा लागला होता का, हेही लिहा. हा कागद पुढे तक्रार नोंदवताना उपयोगी पडतो, कारण आठवड्याने कोणालाच नीट आठवत नाही.

आता कागदपत्रं. सब गाडीबरोबर कारखान्यातूनच बसवून आला असेल, तर तो गाडीच्या वॉरंटीत येतो आणि तुम्हाला शोरूमच्या सर्व्हिस विभागात जायचं आहे. शोरूमने ॲक्सेसरी म्हणून बसवला असेल, तर त्याचं बिल आणि वॉरंटीची मुदत गाडीपेक्षा वेगळी असू शकते. ते बिल शोधा. म्हापशातल्या किंवा मडगावातल्या दुकानातून घेतला असेल, तर जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल लागेल, शिवाय दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड. ऑनलाइन घेतला असेल, तर ईमेलवर आलेलं इन्व्हॉइस छापून घ्या आणि विकणारा कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का हे कंपनीच्या कस्टमर केअरला विचारून ठेवा. परदेशातून सुट्टा आलेल्या मालावर भारतातली वॉरंटी बहुधा लागू नसते. बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढा. गोव्याच्या उन्हात आणि दमटपणात डॅशबोर्डच्या खणात ठेवलेलं असं बिल काही महिन्यांत कोरं होतं. माझं एक झालं आहे.

सीरियल नंबरचं लेबल बहुतेक वेळा मॅग्नेटच्या मागे असतं, म्हणजे पेटीतून सब काढल्याशिवाय दिसत नाही. मूळ खोका जपून ठेवला असेल तर त्यावरही तोच नंबर मिळेल. बिलावरचा, खोक्यावरचा आणि मॅग्नेटवरचा नंबर जुळतो का बघा. जुळत नसेल तर आधी विकणाऱ्याशी बोला, कंपनीशी नंतर.

पुढचं काम सर्वांत महत्त्वाचं: दोष खरंच सबवूफरचा आहे का, हे पक्कं करणं. ‘सब गेला’ म्हणून आलेल्या तक्रारींत खरा दोष फ्यूजचा, अर्थिंगचा किंवा सिग्नलच्या वायरीचा निघण्याची शक्यता मोठी असते, आणि गोव्यात तर जास्तच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली, समुद्राकडच्या गावांत त्यात मीठ, आणि डिकीत ओल्या छत्र्या. अर्थिंगसाठी रंग खरवडून बॉडीला मारलेला नट गंजतो, फ्यूज होल्डरमध्ये हिरवट थर चढतो. त्यामुळे तपासणीची सुरुवात बॅटरीजवळच्या फ्यूजपासून करा. नुसता डोळ्यांनी बघू नका, मल्टिमीटर कंटिन्यूटीवर ठेवून मोजा. मग ॲम्पजवळ तीन गोष्टी पाहा: मुख्य वायरवर बारा व्होल्टच्या वर वीज येते का, गाणं लावल्यावर ॲम्प चालू करणाऱ्या ‘रिमोट’च्या बारीक वायरवर बारा व्होल्ट येतात का, आणि अर्थिंगचा नट घट्ट व कोरडा आहे का. हे ठीक असेल तर हेड युनिटकडून सिग्नल आणणारी आरसीए वायर बदलून बघा. त्यानंतर, एखादा चालू स्पीकर मिळाला तर ॲम्पला सबऐवजी तो जोडून अगदी कमी आवाजात ऐका. तो स्वच्छ वाजला म्हणजे ॲम्प चांगला आहे.

आता सबकडे. मोजण्याआधी ॲम्पच्या वायरी सोडवा, नाहीतर मीटर ॲम्पचाही रोध मोजेल. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि सुटलेल्या स्पीकर वायरींच्या टोकांना टेप लावा. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा येईल, समजा ०.३, तो नंतरच्या मापातून वजा करायचा. चार ओहमची निरोगी कॉइल मीटरवर चार दाखवत नाही, साडेतीनच्या आसपास दाखवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आकडाच आला नाही, मीटर ‘ओएल’ दाखवत राहिला, तर सर्किट कुठेतरी तुटलं आहे. आकडा शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट आहे.

दोन कॉइलच्या सबमध्ये प्रत्येक कॉइल वेगळी मोजायची, जोडणीच्या तारा काढून. माझ्या सबला चार-चार ओहमच्या दोन कॉइल आहेत. एकमेकींना समांतर जोडल्या की दोन ओहम होतात, एकापुढे एक जोडल्या तर आठ. समांतर जोडणीत एक कॉइल मेली तरी दुसरी वाजत राहते, म्हणून सब गप्प होत नाही, फक्त त्याचा जोर जातो. माझ्या पखवाजाचं नेमकं हेच झालं होतं. पहिली कॉइल ३.६, दुसरी ‘ओएल’. मग मीटर दुसऱ्या कॉइलला लावून ठेवला आणि मुलीला म्हटलं, “बोटं पसरून कोन हळूच आत दाब बघू.” तिने दाबला तसा आकडा आला, सोडल्यावर गेला. “बाबा, येतोय-जातोय!” म्हणून ती ओरडली. दोष कॉइलमध्ये नसून टर्मिनलपासून कोनकडे जाणाऱ्या विणलेल्या लवचीक तारेत असेल, असा अंदाज त्या क्षणी आला. कोन सतत मागेपुढे होत असतो, त्यात ती तार एका ठिकाणी वाकून वाकून तुटू शकते.

ही खूण ओळखण्याला एवढं महत्त्व का देतो, ते सांगतो. तार तुटणं किंवा चिकटवलेला भाग सुटणं हा बनावटीचा दोष मानला जाण्याची शक्यता मोठी असते. जळलेल्या कॉइलला मात्र बहुतेक कंपन्या वापरातली चूक म्हणतात, कारण ॲम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) फार वाढवून विकृत सिग्नल दिला की कॉइल तापून काळी पडते आणि तिला करपलेल्या लाखेचा वास येतो. त्यामुळे नाक जवळ नेऊन वास घ्या. कोन चारी बाजूंनी सारखा दाबून पाहा, आत घासल्याचा आवाज येतो का ऐका. कडेचं रबर आणि मागची पिवळसर जाळी कुठे फाटली आहे का, टॉर्च मारून बघा. चालू कॉइल ओळखायला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला तरी पुरतो. कोन हलतो आणि हलकी टकटक येते. मोठी बॅटरी लावू नका.

करपल्याचा वास आलाच, तरी तो लपवायला जाऊ नका. ॲम्प किती वॅटचा आहे, गेन कुठे होता, हे विचारलं तर खरं सांगा. तिथला तंत्रज्ञ कॉइल उघडून बघणारच आहे.

पुरावा मोबाइलवर घ्या. एकाच सलग व्हिडिओत आधी बिल, मग सीरियल नंबर, ॲम्पचा चालू दिवा आणि शेवटी मीटरवरचा आकडा. डिकीचा तळ कोरडा आहे आणि पेटीच्या लाकडाला फुगवटा नाही, याचेही फोटो काढा. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, आणि पावसाळ्यात गोव्यातून आलेल्या वस्तूवर ही शंका चटकन येते.

मग सब न्यायला पेटीतून पूर्ण काढा. टर्मिनलवरच्या वायरींना रंगीत टेप लावून कोणती कुठली हे खुणावून ठेवा, स्क्रू एका पुडीत बांधून पेटीतच ठेवा. कोनवर गोल कापलेला जाड पुठ्ठा ठेवून भोवती प्लॅस्टिक गुंडाळा. मूळ खोका आणि थर्मोकोल असेल तर उत्तम.

जाण्याआधी फोन करा. दुकानाने थेट घ्यायचं की कंपनीकडे आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा, हे विचारा. माल बऱ्याचदा गोव्याबाहेर पाठवावा लागतो. जाण्या-येण्याचं भाडं कोणाचं आणि वाटेत आदळला तर जबाबदारी कोणाची, हेही फोनवरच स्पष्ट करून घ्या. दुपारी जेवणानंतर अनेक दुकानांचं शटर खाली असतं, म्हणून सकाळी लवकर निघा. चवथ जवळ आली असेल तर तिच्या आधीचा पंधरवडा सुरू होण्यापूर्वीच काम उरकून घ्या. नाहीतर सब दुकानाच्या मागच्या खोलीत गणपती जाईपर्यंत पडून राहतो.

काउंटरवर तक्रारीच्या रकान्यात कारण लिहू देऊ नका, लक्षण लिहायला सांगा. “कॉइल जळली” असं नको. “आवाज कमी झाला, दुसऱ्या कॉइलचा रोध मिळत नाही, कोन दाबल्यावर मिळतो” एवढंच लिहा. माझ्या वेळी काउंटरवरच्या मुलाने सवयीने “बर्न” लिहायला घेतलं होतं. “दादा, अजून कोणी उघडून बघितलेलं नाही ना, मग दिसतंय तेवढंच लिहूया,” म्हटल्यावर त्याने खोडून नीट लिहिलं. जॉबशीटवर सीरियल नंबर, वस्तूची बाहेरून स्थिती, तारीख, शिक्का आणि परत मिळण्याची अंदाजे तारीख हवी. मूळ बिल देऊ नका, झेरॉक्स द्या.

नकार आलाच तर तोंडी घेऊ नका. नकाराचं कारण लेखी मागा आणि उघडलेल्या सबचे फोटो मागा. ते घेऊन कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर गोव्याचा पर्वरीला आणि दक्षिण गोव्याचा मडगावला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. सब मुंबईहून मागवला असेल तरी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. हे दुकानात भांडायला वापरू नका, पण माहीत असू द्या. माहिती असली की बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

माझा सब तीन आठवड्यांनी परत आला, तार बदलून. तोच सब आला का, हे दुकानातच सीरियल नंबर जुळवून पाहा आणि दोन्ही कॉइल तिथेच मोजा. वॉरंटी मूळ तारखेपर्यंतच आहे की दुरुस्तीपासून वेगळी मिळाली, हे कागदावर लिहून घ्या. घरी आल्यावर सब जोडण्याआधी ॲम्पचा गेन नव्याने लावा. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन चालू करून, सबच्या वायरी सुट्या ठेवून, ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे. दोन ओहमला तीनशे वॅट हवे असतील तर दोन गुणिले तीनशे म्हणजे सहाशे, त्याचं वर्गमूळ साधारण साडेचोवीस. मीटरवर साडेचोवीस व्होल्ट आले की गेनचा स्क्रू तिथेच सोडायचा आणि त्या जागी मार्करने खूण करायची. मी हे सगळं करून वायरी जोडल्या आणि तेच भजन लावलं, अंगणातच, गाडी उभी ठेवून. मुलगी मागच्या सीटवर तळहात टेकवून बसली होती.