टेबल टेनिस शिकताना: आधी चेंडूची फिरकी, मग फटका

टेबल टेनिस शिकायला आलेल्या नवख्या खेळाडूच्या हातात मी पहिल्या दिवशी बॅट देत नाही. फक्त चेंडू देतो. चेंडू टेबलावर ठेवायचा, त्याच्या आपल्याकडच्या कडेवर तर्जनीने वरून खाली जोरात दाब द्यायचा आणि तो बोटाखालून निसटू द्यायचा. चेंडू सुर्रकन पुढे जातो, हात-दीड हातावर क्षणभर अडखळतो आणि कोणी दोरीने ओढल्यासारखा परत येतो. मुले हा उद्योग दहा-पंधरा मिनिटे न कंटाळता करतात आणि तेवढ्यात एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानात येते: चेंडू जातो एका दिशेला आणि स्वतःभोवती फिरत असतो भलत्याच दिशेला.

अवघ्या २.७ ग्रॅम वजनाचा आणि ४० मिलिमीटर व्यासाचा हा पोकळ चेंडू पुढे जे चमत्कारिक वागतो, त्याचे मूळ या फिरण्यात आहे. उलट्या फिरकीला हॉलमध्ये सरसकट ‘कट’ म्हणतात आणि सुलट्या फिरकीला ‘टॉपस्पिन’. कट असलेला चेंडू हवेत थोडा तरंगतो, टप्पा पडल्यावर मंदावतो आणि सरळ धरलेल्या बॅटला लागला की खाली, जाळीत जातो. टॉपस्पिनचा चेंडू हवेतच लवकर खाली झुकतो, टप्पा पडताच अंगावर येतो आणि बॅटला लागला की वर उडून टेबलाबाहेर पडतो. म्हणून कट आला तर बॅटचे तोंड थोडे वर उघडावे आणि टॉपस्पिन आला तर ते टेबलाकडे थोडे झुकवावे. नवशिका मात्र चेंडू जाळीत गेला की पुढच्या वेळी जास्त जोर लावतो. चूक ताकदीची नसून कोनाची आहे, हे त्याला कोणीतरी शेजारी उभे राहून सांगावे लागते.

फिरकीला एवढे महत्त्व येण्यामागे बॅटवरचा स्पंज आहे आणि त्याची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १९५२ साली मुंबईत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा बहुतेक खेळाडूंच्या बॅटवर नुसते दाणेदार रबर असे आणि त्याच्या टकटक आवाजावरून फटक्याचा जोर ओळखण्याची त्यांना सवय होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तिचा आवाज येईना, चेंडूच्या वेगाचा अंदाज लागेना, आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद त्याने नेले. पुढे १९५९ मध्ये रबर व स्पंज यांच्या जाडीवर मर्यादा घालण्यात आली. आज स्पंजासह रबराची एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. नवशिक्याने या मर्यादेच्या जवळपासही जाऊ नये. दीड ते १.८ मिलिमीटर स्पंजाची, गुळगुळीत रबराची, मध्यम वेगाची बॅट पहिल्या वर्षाला पुरेशी असते. दुकानदार ‘फास्ट’ बॅट पुढे करतो आणि ती घेण्याचा मोह होतोच, पण तिच्यावरून चेंडू इतक्या चटकन सुटतो की कोन दुरुस्त करण्याची संधीच मिळत नाही. बॅटची एक बाजू काळी आणि दुसरी लाल किंवा तशाच वेगळ्या, ठळक रंगाची असते. काही खेळाडू दोन्ही बाजूंना वेगळ्या गुणधर्मांचे रबर लावतात, आणि कोणत्या बाजूने फटका आला हे समोरच्याला दिसावे म्हणून हा नियम आहे.

बॅट धरण्याच्या दोन पद्धतींपैकी आपल्याकडे बहुतेक सर्व जण हस्तांदोलनाची पद्धत शिकतात. लेखणीसारखी बॅट धरण्याची पूर्व आशियातील पद्धत शिकवणारा माणूस जवळपास असेल, तरच तिच्या वाटेला जावे. शेवटची तीन बोटे मुठीभोवती, तर्जनी रबराच्या खालच्या कडेला आडवी आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, असा हात बसला पाहिजे. तर्जनी हळूहळू वर सरकत बॅटच्या मध्यावर येते, ही खोड फार लवकर लागते आणि फार उशिरा सुटते. मूठ किती घट्ट असावी, असे विचारले तर मी लाटण्याचे उदाहरण देतो: पोळी लाटताना ते हातातून सुटत नाही, पण कोणी ते आवळूनही धरत नाही.

उभे राहताना पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवावेत, गुडघे किंचित वाकवावेत आणि भार टाचांवर न ठेवता चवड्यांवर ठेवावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय जरासा मागे घ्यावा आणि टेबलाच्या मध्यापेक्षा थोडे डावीकडे उभे राहावे, कारण फोरहँडला, म्हणजे बॅट धरलेल्या हाताच्या बाजूने मारताना, हात लांबवर पोहोचतो आणि बॅकहँडला, म्हणजे दुसऱ्या बाजूने मारताना, तितका पोहोचत नाही.

फटके शिकताना फोरहँड ड्राइव्हपासून सुरुवात करावी. बॅट कमरेच्या पातळीवरून निघते, चेंडू शरीराच्या थोडा पुढे आणि उसळीच्या सर्वांत वरच्या बिंदूवर असताना त्याला भेटते, आणि सलाम ठोकल्यासारखी कपाळापाशी येऊन थांबते. हा फटका एकट्या हाताचा नसून कमरेचा आहे. कंबर आधी वळते आणि हात तिच्या मागून येतो. आरशासमोर चेंडूशिवाय रोज पन्नास वेळा ही हालचाल केली, तर टेबलावर वाया जाणारा बराच वेळ वाचतो. बॅकहँडला कोपर शरीराच्या पुढे ठेवून, बॅट पोटासमोरून पुढे आणि थोडी वर न्यावी. तिसरा फटका ‘पुश’, म्हणजे आलेल्या कटला कटनेच दिलेले उत्तर. बॅट उघडी ठेवून चेंडूच्या खालून हलकेच पुढे सरकवायची असते. दिसायला हा फटका मिळमिळीत आहे, पण तो ज्याला येत नाही त्याच्याविरुद्ध नुसत्या कटच्या सर्व्हिस टाकूनही सामना जिंकता येतो. स्मॅश मुद्दाम शिकवावा लागत नाही. तो सगळ्यांना आधीपासूनच मारायचा असतो.

आता सर्व्हिस. या खेळात प्रतिस्पर्ध्याचा कोणताही अडथळा नसलेला हा एकमेव फटका आहे, आणि तरीही सरावात सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. घरगुती खेळात आपण सर्व जण चेंडू बोटांत धरून थेट बॅटवर सोडतो आणि खेळ सुरू करतो. मीही अनेक वर्षे तेच करत होतो. मग एका छोट्या स्पर्धेत पंचांनी पहिल्या दोन सर्व्हिसना सलग ‘फॉल्ट’ दिला, ताकीदही न देता दोन्ही गुण गेले, आणि मी बावचळून पुढची सर्व्हिस जाळीत मारली. पंचांचे काहीच चुकले नव्हते. सर्व्हिसबद्दल शंका असेल तर पहिल्या वेळी गुण न देता ताकीद देता येते, पण सर्व्हिस उघडउघड चुकीची असेल तर गुण थेट प्रतिस्पर्ध्याला जातो.

नियम असा आहे: चेंडू मोकळ्या हाताच्या उघड्या, स्थिर तळहातावर ठेवावा, सर्व्हिस सुरू झाल्यापासून बॅट लागेपर्यंत तो टेबलाच्या पातळीच्या वर आणि आपल्या मागच्या रेषेच्या मागे असावा, हाताने फिरकी न देता तो जवळजवळ सरळ वर, तळहात सोडल्यापासून किमान १६ सेंटिमीटर उडवावा, आणि खाली येऊ लागल्यावरच मारावा. चेंडू प्रतिस्पर्ध्यापासून लपवता येत नाही, म्हणून तो उडवताच मोकळा हात मधून बाजूला घ्यावा लागतो. १६ सेंटिमीटरचा अंदाज घेण्यासाठी टेप लागत नाही, कारण समोरची जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच असते. चेंडू तळहातापासून जाळीच्या उंचीहून जरा जास्तच वर गेला पाहिजे. मारलेला चेंडू प्रथम आपल्या बाजूला आणि मग जाळीवरून पलीकडे टप्पा घेतो.

हा सराव एकट्याने करता येतो. बादलीभर चेंडू घ्यावेत, समोरच्या अर्ध्या भागात एक रुमाल पसरावा आणि त्यावर टप्पा पाडण्याचा प्रयत्न करावा. लांब, वेगवान सर्व्हिस हवी असेल तर पहिला टप्पा आपल्या मागच्या रेषेजवळ पाडावा. आखूड हवी असेल तर तो जाळीच्या बाजूला सरकवावा. कटची सर्व्हिस नीट बसली आहे का, हे ओळखण्याची एक मजेशीर खूण आहे: पलीकडे दोन-तीन टप्पे पडल्यावर चेंडू थबकतो आणि जाळीकडे परत फिरतो. पहिल्या दिवशीचा तो बोटाचा प्रयोग आता बॅटने होऊ लागलेला असतो.

समोरून आलेली सर्व्हिस वाचताना प्रतिस्पर्ध्याचा हात किती जोरात फिरला हे पाहू नये, कारण तो अनेकदा आपल्याला फसवण्यासाठीच फिरवलेला असतो. बॅट चेंडूला लागली त्या क्षणी ती खाली जात होती, वर जात होती की बाजूला, एवढेच टिपावे. चेंडूवरील छापही मदत करतो. तो स्पष्ट दिसला तर फिरकी नाममात्र आहे, आणि नुसता धूसर पट्टा दिसला तर भरपूर आहे. शंका असेल तेव्हा बॅट थोडी उघडी ठेवून चेंडू सुरक्षितपणे परत करावा.

गुणांची पद्धत सोपी आहे. २००१ पर्यंत गेम २१ गुणांचा होता. आता तो ११ गुणांचा असतो आणि जिंकण्यासाठी २ गुणांची आघाडी लागते. दर २ गुणांनी सर्व्हिस बदलते, १०-१० झाल्यावर प्रत्येक गुणाला बदलते. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात, आणि निर्णायक गेममध्ये कोणी ५ गुणांवर पोहोचताच पुन्हा बदलतात. सामना ५ किंवा ७ अशा विषम गेमांचा असतो.

वाद होतात ते वेगळ्याच ठिकाणी. एकेरीत सर्व्हिस तिरकीच गेली पाहिजे, असा आपल्याकडे फार पसरलेला समज आहे. तसे मुळीच नाही, एकेरीत ती पलीकडच्या भागात कोठेही पडलेली चालते. सर्व्हिस जाळीला लागून योग्य ठिकाणी पडली तर ती पुन्हा करायची असते, परंतु रॅलीमध्ये चेंडू जाळीला लागून पलीकडे गेला तर खेळ चालूच राहतो. टेबलाची वरची कड खेळाच्या पृष्ठभागात मोडते, उभी बाजू मोडत नाही. म्हणून ‘कड लागली’ आणि ‘बाजू लागली’ यांवरून मैत्री तुटायची वेळ येते. चेंडू बॅट धरलेल्या हाताला मनगटाच्या खाली, म्हणजे पंजाला किंवा बोटांना, लागून गेला तरी तो वैध आहे, मात्र मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागावर टेकला तर गुण जातो. चेंडू बाहेर जाणार याची खात्री असली, तरी तो टेबलाच्या वर असताना किंवा टेबलाकडे येत असताना टप्पा पडण्यापूर्वी अडवू नये. अडवणाऱ्याचाच गुण जातो.

तिरक्या सर्व्हिसचा नियम दुहेरीचा आहे. तेथे सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्या भागातून प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या अर्ध्या भागात जाते, आणि मधली ३ मिलिमीटरची पांढरी रेषा त्या उजव्या भागातच धरली जाते. त्यानंतर जोडीदारांनी आळीपाळीनेच चेंडू मारायचा असतो. त्यामुळे फटका मारून लगेच बाजूला होणे ही दुहेरीतील खरी कला आहे, आणि सुरुवातीचे काही दिवस जोडीदाराच्या कोपराचा प्रसाद मिळणार हे धरून चालावे.

आपल्याकडच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. चेंडू इतका हलका आहे की पंख्याच्या वाऱ्याने त्याची वाट बदलते. म्हणून मुंबईच्या दमट मे महिन्यातही हॉलमधील पंखे बंद ठेवूनच खेळावे लागते. पावसाळ्यात दमट हवेने किंवा हाताच्या घामाने रबर ओलसर झाले की चेंडू पकड न घेता घसरतो आणि घोटवलेला टॉपस्पिनही थेट जाळीत जातो. सामन्यात दर ६ गुणांनंतर टॉवेल वापरण्याची मुभा असते. त्या वेळी आधी हात आणि मग बॅटची मूठ पुसावी, दोन्ही रबरे कोरड्या फडक्याने टिपावीत, तळहात एकदा रबरावर टेकवून ते चिकटते की सटकते हे पाहावे आणि मगच सर्व्हिसला उभे राहावे.