झेंडा सगळ्यात शेवटी: पहिल्यांदाच घरी पंधरा ऑगस्ट करणाऱ्या आईबाबांसाठी

पंधरा ऑगस्ट जवळ आला की तीन-चार वर्षांच्या मुलांचे आईबाबा विचारतात, "ताई, घरी झेंडा कसा करून घ्यायचा?" मी पुण्यात बालवाडीत शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: झेंडा सगळ्यात शेवटी. आधी आठ-दहा दिवस बोटांचं काम. एवढ्या लहान मुलाला एका दुपारी बसवून तिरंगा करायला घेतला की कात्री आई चालवते, चिकटवतात बाबा, आणि मूल फोटोपुरतं शेजारी बसतं. तेच काम रोज पंधरा-वीस मिनिटं, तुकड्यातुकड्यानं केलं तर रंग, मोजणी, चिमटीची पकड, सगळं त्यात आपसूक येतं. नव्यानं बालवाडीत रुजू झालेल्या शिक्षिकांनाही हे उपयोगी पडावं.

सामानाची फार जमवाजमव करू नका. घोटीव कागद आणि पतंगाचा कागद बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकात सहज मिळतो, बाकी सगळं घरातच असतं. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या पानं, बिया, खडे, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवर उभ्या केल्या. महागड्या किटपेक्षा ती वाट मला आजही जास्त पटते.

चिकटवायला खळ करा. एक मोठा चमचा मैदा अर्ध्या वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण दाट आणि जरा पारदर्शक दिसू लागलं की उतरवायचं. मुलानं बोट चाटलं तरी घाबरायचं कारण नाही. जुनी माणसं खळ टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालायची. मोरचूद विषारी असतं, मुलांच्या खळीत ते अजिबात नको. थोडी थोडी ताजी करा, ऑगस्टच्या दमट हवेत ती लवकर आंबते. चिकटकाम वाळायलाही याच दिवसांत सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून खळ एका बोटानं पातळ पसरायला शिकवा आणि कागद रात्रभर पंख्याखाली ठेवा.

सुरुवात फाडकामानं करा, कात्रीनं नको. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून एक हात पुढे आणि एक मागे न्यायचा, हे मोठ्यांना सोपं वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला ते समजायला वेळ लागतो. कडेला छोटीशी चीर तुम्ही द्या, पुढचं त्याला करू दे. सरावाला आधी वर्तमानपत्र द्या. ते उभं फाडलं तर बहुतेक वेळा सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वाकडंतिकडं जातं. दोन्हीकडून फाडून बघू द्या. "इकडून नीट येतं!" असं मूल स्वतःहून म्हणतं, तेव्हा त्यानं एक शोध लावलेला असतो. तो आधीच सांगून टाकू नका. मग केशरी आणि हिरव्या कागदाचे कपटे करून दोन डब्यांत साठवा.

रंग ओळखायला ताटातली डाळ पुरते. मूठभर मसूरडाळ, मूठभर तांदूळ, मूठभर हिरवे मूग एकत्र करा आणि तीन वाट्या समोर ठेवा. केशरी, पांढरा, हिरवा, एकेक दाणा चिमटीनं उचलून आपापल्या वाटीत. पुढे पेन्सिल धरायला लागणारी पकड इथेच तयार होते. सगळी मूठ निवडून व्हायलाच हवी असं नाही, कंटाळा आला की थांबवा. मात्र मुलाला एकटं सोडून उठू नका. या वयात दाणे नाकात आणि कानात घालायची सवय असते. निवडलेलं धुऊन त्याची खिचडी टाका. आपण निवडलेलं आपल्या ताटात आलं, हे मुलं घरभर सांगत फिरतात.

माझा सगळ्यात आवडता उद्योग हळदीचा आहे. वाटीभर पाण्यात अर्धा चमचा हळद कालवा. मुलाला चिमूटभर खाण्याचा सोडा टाकू द्या. पिवळं पाणी बघता बघता लालसर केशरी होतं. दुसऱ्या वाटीत तेच करून वर लिंबू पिळा, फेस येतो आणि रंग परत पिवळा. इथे घाई करू नका, मूल चार वेळा मागेल, चार वेळा करा. केशरी पाण्यात कापूस बुडवून कागदावर दाबायचा. पालक वाटून गाळला की हिरवं पाणी मिळतं. हे रंग काही दिवसांत फिकट होतात, तेही दाखवण्यासारखं आहे. कपडे जुने घाला, हळदीचे डाग निघत नाहीत.

आता अशोकचक्र. त्याला २४ आरे असतात आणि चार वर्षांच्या मुलानं २४ पर्यंत मोजावं असा हट्ट नको. आरे सारख्या अंतरावर यावेत यासाठी घड्याळाचा उपयोग होतो. गोल काढून घड्याळासारख्या १२ खुणा करा, मग प्रत्येक दोन खुणांच्या मधोमध एक, झाल्या २४. मुलानं प्रत्येक खुणेवर गडद निळ्या रंगात बुडवलेलं बोट टेकवायचं. "एका खुणेला एक ठिपका" हेच त्या वयाचं गणित आहे, आकडे म्हणून दाखवणं नव्हे. शेंड्याकडून कापलेल्या भेंडीचा ठसाही मुलांना फार आवडतो, पण त्याचं फूल होतं, चक्र नाही. तो शुभेच्छापत्रावर उमटवा.

हे सगळं झालं की झेंडा. प्रमाण लांबीला ३ आणि उंचीला २. म्हणून ९ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशा तीन पट्ट्या घ्या. एकाखाली एक लावल्या की ९ बाय ६ होतं, हिशेब चुकत नाही. केशरी आणि हिरव्या पट्टीवर मुलानं साठवलेले कपटे चिकटवायचे, पांढऱ्यावर मधोमध चक्र. केशरी वर, एवढं एकदा सांगा आणि मग लावताना त्यालाच विचारा.

काठी म्हणून झाडूची काडी चालते, पण जमलं तर दोऱ्याचं रिकामं रीळ टोकाशी बसवून त्यावरून दोरी घ्या. दोरी खाली ओढली की झेंडा वर जातो, याचं आश्चर्य मुलांना पुरून उरतं. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात, सव्वीस जानेवारीला तो वरच बांधलेला असतो आणि फक्त उलगडतात. जानेवारीत घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवून गाठ सैल बांधा, दोरी ओढायचा मान मुलाचा.

झेंड्याचा आदर मी भाषणातून शिकवत नाही. तो जमिनीवर ठेवायचा नाही, त्यावर काही लिहायचं नाही, काम झालं की जागेवर ठेवायचा. भारतीय ध्वजसंहिता, २००२ हेच सांगते. मुलाचं नाव घालायचं असेल तर झेंड्यावर नको, काठी रोवलेल्या खोक्यावर घाला. चौकात सिग्नलला प्लॅस्टिकचे झेंडे विकायला येतात, ते घेऊ नका. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला पडलेले पाहून मला दरवर्षी वाईट वाटतं. तिरंगी ढोकळा, तिरंगी इडली खुशाल करा, फक्त वर चक्र काढू नका.

गोष्ट काय सांगायची, हा प्रश्न हमखास येतो. "पूर्वी आपल्या देशावर परक्यांचं राज्य होतं, खूप लोकांनी मिळून ते घालवलं, तो हा दिवस" एवढं तीन वर्षांच्या मुलाला पुरतं. फाळणी, फाशी, गोळीबार मोठेपणी. पाच वर्षांचं मूल असेल तर एखाद्या रविवारी पुण्यातल्या आगाखान पॅलेसला न्या. भारत छोडो आंदोलनात, ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी तिथे कैदेत होते, कस्तुरबांचं निधन तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला झालं. "गांधीआजोबांना इथे कोंडून ठेवलं होतं" असं सांगितलं की मुलं खिडक्या-दारं वेगळ्याच नजरेनं बघतात. घरी आजी वाती वळत असतील तर मुलाला शेजारी बसवून कापूस पिळायला द्या आणि दोरा कसा होतो ते दाखवा. सूत आणि खादी समजावायला आणखी काही लागत नाही.

राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ स्थिर उभं राहणं या वयात अवघड असतं, म्हणून आठवडाभर आधीपासून पुतळा-पुतळा खेळा, रोज थोडं वाढवत. मध्येच हललं तर रागावू नका.

सोहळा आटोपला की झेंडा एखाद्या जाड पुस्तकात सपाट ठेवा. फाटला असेल तर केरात टाकू नका, घरात सन्मानानं त्याची विल्हेवाट लावा. आणि सव्वीस जानेवारीला हेच पुन्हा करताना मूल चार वर्षांचं झालं असेल तर बोथट टोकाची कात्री हातात द्या; पट्ट्या आता त्यालाच कापू द्या, रेघ तुम्ही जाड मारून ठेवा.