भाजी चिरण्याच्या सुरीला दगडावर धार कशी लावावी

टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरू लागली किंवा भाजीत पाते उतरवण्यासाठी मनगटाचा जोर लावावा लागला, की धार गेली आहे असे समजावे. बोथट पाते कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चिरडते, त्यामुळे डोळेही अधिक चुरचुरतात. शिवाय जोराने दाबलेली सुरी निसटली तर बोटावरच येते, म्हणून बोथट सुरीच जास्त धोक्याची.

धार लावण्याच्या दगडावर ग्रिटचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितका दगड बारीक पोताचा. घरगुती वापराला सुमारे १००० ग्रिटचा एक दगड पुरतो. पात्याला खाचे पडले असतील तरच ४०० किंवा त्याहून भरड दगड घ्यावा. ३००० ते ६००० ग्रिटचे दगड धारेला झिलई देतात, पण रोजची भाजी चिरणाऱ्याचे त्यांच्यावाचून काही अडत नाही. पाण्यात भिजवण्याचा दगड असेल, तर बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटे, तो बुडवून ठेवावा आणि नंतर घसरू नये म्हणून ओल्या फडक्यावर ठेवावा.

आता कोन. पातळ पात्याच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने सुमारे १५ अंश आणि जाड पात्यांना सुमारे २० अंश ठेवतात. हा कोन नजरेने ठरवणे अवघड वाटत असेल, तर पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची हे मोजावे: ४५ मिलिमीटर रुंद पात्यासाठी १५ अंशांना ती सुमारे १२, तर २० अंशांना सुमारे १५ मिलिमीटर येते. नेमका कोन साधण्यापेक्षा एकदा धरलेला कोन शेवटपर्यंत न बदलणे अधिक महत्त्वाचे आहे.

एका हाताने मूठ धरून दुसऱ्या हाताची बोटे पात्याच्या सपाट भागावर हलकेच टेकवावीत आणि मुठीकडच्या टोकापासून सुरुवात करून पाते दगडावर मागे-पुढे घासत अग्रापर्यंत जावे. अग्राकडे पाते वळते, तिथे मूठ किंचित उचलावी लागते. अधूनमधून दगडावर पाणी शिंपडावे, मात्र वर जमणारा चिखल धुऊन टाकू नये, कारण घासण्याचे काम तोही करत असतो.

किती वेळ घासायचे याचे उत्तर घड्याळात नाही, पात्यात आहे. दगडाला न लागलेल्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर अलगद ओढला असता (धारेच्या लांबीने कधीही नव्हे) धातूची बारीक, खरखरीत कड जाणवली पाहिजे. ही कड संपूर्ण लांबीवर उठल्याशिवाय बाजू बदलू नये. बहुतेकांची धार अर्धवट राहते ती इथेच. नंतर दुसरी बाजू तशीच घासावी आणि शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून पाते दगडावर हलकेच फिरवावे, म्हणजे ती कड निघून जाते. हवेत धरलेला कागद सरळ, न फाटता कापला गेला तर काम झाले.

लोखंडी कांडीवर सुरी फिरवल्याने दुमडलेली धार सरळ होते, पण पूर्ण गेलेली धार परत येत नाही. खाचेतून सुरी ओढून धार लावण्याची यंत्रे झटपट असली तरी धातू जास्त खातात, म्हणून चांगल्या सुरीवर ती वापरू नयेत. दातेरी आणि सिरॅमिकच्या सुऱ्यांना ही पद्धत चालत नाही.

लावलेली धार टिकवायची तर काचेवर किंवा दगडी ओट्यावर चिरू नये, लाकडी वा प्लास्टिकचा पाट वापरावा आणि चिरलेली भाजी पाटावरून ढकलताना सुरी उलटी करून पाठीने ढकलावी.