शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग : नोंदवहीत ‘झाले’ लिहिलेल्या पायऱ्यांमधील या चुका टाळा

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, रुग्ण वॉर्डात आला आणि पाचव्या-सहाव्या दिवशी टाक्यांच्या कडा लाल होऊन तेथून पू येऊ लागला, की बऱ्याच रुग्णालयांत ठरलेली प्रतिक्रिया उमटते : प्रतिजैविक बदलायचे, अधिक तीव्र औषध द्यायचे आणि पुढच्या रुग्णांना खबरदारी म्हणून तेच औषध आणखी काही दिवस चालू ठेवायचे. या प्रतिक्रियेत खरे कारण शोधण्याचा प्रश्नच मागे पडतो. अशा रुग्णाचे कागद काढून पाहिले, तर सुटलेली पायरी क्वचितच सापडते. प्रतिजैविक दिल्याची, त्वचा स्वच्छ केल्याची, उपकरणे निर्जंतुक केल्याची खूण प्रत्येक रकान्यात असते. चूक त्या खुणेच्या आत दडलेली असते, कारण काम झालेले असते, पण चुकीच्या वेळी, अर्धवट किंवा पडताळणी न करता. म्हणून पुढील विवेचनात ‘केले का’ यापेक्षा ‘कधी केले आणि कसे कळले’ या प्रश्नावर भर दिला आहे.

प्रतिजैविक दिले, पण केव्हा?

प्रतिबंधक प्रतिजैविकाचा उद्देश एवढाच असतो, की छेद घेतला जातो त्या क्षणापासून जखम बंद होईपर्यंत ऊतींमध्ये औषधाची पुरेशी पातळी असावी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. छेदाच्या आधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण ०.६ टक्के होते, त्याहून आधी मिळालेल्यांमध्ये ३.८ टक्के, तर छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांमध्ये ३.३ टक्के होते. दोन्ही टोकांच्या रुग्णांच्या कागदावर ‘प्रतिजैविक दिले’ अशीच नोंद असणार, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

सर्वसाधारण चूक अशी घडते, की वॉर्डातून निघताना इंजेक्शन दिले जाते आणि आधीची शस्त्रक्रिया लांबल्यामुळे रुग्ण बाहेर ताटकळत राहतो. सेफाझोलिनसारखे औषध छेदाच्या आधीच्या ६० मिनिटांत द्यावे लागते. व्हॅन्कोमायसिन सावकाश द्यावे लागत असल्याने ते १२० मिनिटांच्या आत सुरू करतात. त्यामुळे ही जबाबदारी वॉर्डाकडे न ठेवता शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांकडे सोपवणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवण्यासाठी हातापायाला बांधायचा फुगवता येणारा पट्टा) वापरायचे असेल, तर ते फुगवण्यापूर्वी संपूर्ण मात्रा शरीरात गेलेली असावी. सिझेरियनमध्ये नाळेला चिमटा लावेपर्यंत थांबण्याची जुनी पद्धत सोडून छेदापूर्वीच औषध द्यावे.

दोन चुका आणखी वारंवार होतात. शस्त्रक्रिया चार तासांहून अधिक लांबली किंवा सुमारे दीड लिटर रक्त गेले, तर सेफाझोलिनची दुसरी मात्रा द्यावी लागते, आणि नेमक्या याच धावपळीत तिचा विसर पडतो. तसेच १२० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णासाठी नेहमीची दोन ग्रॅमची मात्रा अपुरी असून तीन ग्रॅम देतात. याउलट, जखम बंद झाल्यावर औषध चालू ठेवण्याने संसर्ग कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये शस्त्रक्रिया संपल्यानंतर प्रतिबंधक प्रतिजैविक लांबवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ड्रेन (जखमेतील स्राव बाहेर काढणारी नळी) आत ठेवला आहे एवढ्या कारणानेही ते लांबवू नये. काही दिवसांच्या त्या जादा औषधातून रुग्णाला अतिसार आणि पुढच्या संसर्गासाठी निबर झालेले जंतू, एवढेच मिळते.

वस्तरा आणि न वाळलेले द्रावण

आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची प्रथा अनेक ठिकाणी स्वच्छतेच्या भावनेने टिकून आहे. वस्तऱ्यामुळे त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस छेदाच्या आड येत नसतील, तर ते काढूच नयेत. येत असतील, तर शस्त्रक्रियेच्या थोडे आधी क्लिपरने कापावेत. वस्तरा शस्त्रक्रियागृहाच्या साहित्यातून काढून टाकणे हा सूचनाफलकापेक्षा कितीतरी परिणामकारक मार्ग आहे.

त्वचेसाठी शक्य तेथे अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्झिडिन वापरावे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८४९ रुग्णांच्या चाचणीत या द्रावणाच्या गटात संसर्ग ९.५ टक्के, तर पाण्यातील पोव्हिडोन आयोडिनच्या गटात १६.१ टक्के आढळला. मात्र डोळे, कानाचा आतील भाग आणि श्लेष्मल त्वचा येथे हे द्रावण वापरू नये. द्रावण लावून लगेच पुसून घेणे किंवा ओल्या त्वचेवरच चादरी पसरणे ही येथील नेहमीची चूक आहे. जंतू मरण्यासाठी द्रावण आपोआप वाळावे लागते आणि त्यासाठी किमान तीन मिनिटे लागतात. केसाळ भागावर बराच अधिक वेळ लागतो. शिवाय रुग्णाखाली साठलेल्या अल्कोहोलने डायथर्मीच्या (विजेने ऊती कापण्याच्या व रक्तस्राव थांबवण्याच्या उपकरणाच्या) ठिणगीमुळे पेट घेतल्यास होणारी इजा भयंकर असते. हातांनाही हाच नियम लागू आहे. अल्कोहोलचे द्रावण कोरड्या हातांवर घ्यावे, कारण ओल्या हातांवर ते पातळ होते.

थंडावलेला रुग्ण

ही चूक सर्वांत कमी दिसते, म्हणूनच तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. भूल दिल्यावर शरीराची उष्णता टिकवण्याची यंत्रणा मंदावते; त्यात गार खोली, उघडे अंग आणि थंड सलाइन यांची भर पडते. शरीर थंडावले की त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी मिळतो आणि जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना तोच प्राणवायू लागत असल्याने त्यांची शक्ती घटते. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, सरासरी ३४.७ अंश सेल्सिअसपर्यंत थंडावलेल्या गटात १९ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला, तर ३६.६ अंशांवर ठेवलेल्या गटात ६ टक्के रुग्णांना. हा फरक साध्या उबेने पडला.

तापमान मोजले जाते, पण बहुधा शस्त्रक्रिया संपल्यावर, जेव्हा सुधारण्यास वाव उरलेला नसतो. भूल देण्यापूर्वीच रुग्णाला पांघरूण किंवा गरम हवेचे ब्लँकेट द्यावे, शिरेतून देण्याचे व पोट धुण्याचे द्रव कोमट करावेत आणि लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत तापमान सतत पाहावे. रक्तातील साखरेबाबतही असेच घडते. मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर शस्त्रक्रियेच्या ताणाने वाढू शकते, म्हणून ती सर्वांचीच तपासून प्रति डेसिलिटर २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावी.

टेपचा रंग बदलला, म्हणजे उपकरणे निर्जंतुक झाली असे मानणे

गठ्ठ्याच्या बाहेरील इंडिकेटर टेपवर काळ्या रेघा उमटल्या, की तो गठ्ठा ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) गेला आहे एवढेच सिद्ध होते. वाफ आतल्या उपकरणापर्यंत पोहोचली का, हे त्या रेघा सांगत नाहीत. त्यासाठी गठ्ठ्याच्या मध्यभागी ठेवलेला रासायनिक इंडिकेटर उघडतानाच पाहावा लागतो आणि जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जंतूच्या बीजाणूंची जैविक चाचणी नियमितपणे करावी लागते. निर्वात पद्धतीच्या यंत्रात दररोज पहिल्या फेरीआधी बोवी-डिक चाचणी (यंत्रातील हवा पूर्ण निघून वाफ आत पोहोचते का, हे पाहणारी) करावी. यंत्रात गठ्ठे दाबून भरणे, कात्र्या व चिमटे मिटलेल्या स्थितीत ठेवणे आणि वाळलेले रक्त तसेच राहू देणे, या तिन्ही गोष्टींमुळे वाफ अडते. ओलसर निघालेला गठ्ठा वापरू नये. ओल्या कापडातून जंतू सहज आत शिरतात.

दुर्बिणीच्या उपकरणांबाबत अधिक कठोर राहिले पाहिजे. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडवल्याने उच्च पातळीचे जंतुनाशन (डिसइन्फेक्शन) होते, पण पूर्ण निर्जंतुकीकरणासाठी, म्हणजे बीजाणू मरण्यास, सुमारे दहा तास लागतात. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात उपकरण बुडवून, नंतर नळाच्या पाण्याने धुऊन पुन्हा पोटात घालणे ही गंभीर चूक आहे, कारण त्या पाण्यातील क्षयेतर मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूच्या कुळातील, पण क्षय न करणारे जंतू) थेट जखमेत जातात.

टाके घालण्यापूर्वी

दार वारंवार उघडल्याने खोलीतील हवेचा दाब बिघडतो, म्हणून लागणारे साहित्य आधीच आत आणून ठेवावे. पोटाच्या शस्त्रक्रियेत आतडे हाताळलेले हातमोजे आणि तीच उपकरणे वापरून त्वचेपर्यंतचे थर शिवू नयेत. सात देशांतील १३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, टाके घालण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलल्याने संसर्गाचे प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आले. याला नवे यंत्र लागत नाही. वेगळा बांधलेला एक लहान ट्रे पुरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा तपासणी यादीत प्रतिजैविकाचा प्रश्न ‘गेल्या ६० मिनिटांत दिले का’ अशा शब्दांत विचारलेला आहे, आणि तो छेदापूर्वी सर्वांसमोर मोठ्याने विचारायचा असतो. २००९ च्या अहवालानुसार आठ रुग्णालयांत ही यादी लागू केल्यावर जखमेच्या संसर्गाचे प्रमाण ६.२ वरून ३.४ टक्क्यांवर आले. हीच यादी शस्त्रक्रिया संपल्यावर एका माणसाने कोपऱ्यात बसून भरली, तर ती केवळ कागद उरते.

वॉर्डात

पहिले ४८ तास निर्जंतुक ड्रेसिंग विनाकारण उघडू नये. मात्र याच काळात तीव्र ताप, जखमेत असह्य वेदना किंवा झपाट्याने पसरणारी लाली दिसली, तर ड्रेसिंग ताबडतोब उघडून पाहावे. इतक्या लवकर होणारा संसर्ग विरळ असतो, पण तो बहुधा स्ट्रेप्टोकोकस किंवा क्लॉस्ट्रिडियमचा असतो आणि काही तासांत जिवावर बेतू शकतो.

पू झालेला असताना टाके न सोडता केवळ गोळ्या देत राहणे हीदेखील चूकच आहे. वरवरच्या संसर्गात जखम मोकळी करणे हाच मुख्य उपचार असतो, आणि ताप किंवा दूरवर पसरलेली लाली नसेल तर प्रतिजैविकाची गरज अनेकदा पडत नाही. कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी) जखमेच्या पृष्ठभागावर फिरवलेला बोळा न पाठवता आतील पू किंवा ऊती पाठवावी, तीही नवे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी.

एकामागून एक जखमा चिघळू लागल्यास

अशा वेळी शस्त्रक्रियागृह बंद करून फॉर्मल्डिहाइडचा धूर सोडण्याकडे कल असतो. हा वायू कर्करोगकारक आहे आणि भिंतीवरचे जंतू हे जखमेतील संसर्गाचे नेहमीचे उगमस्थान नाही. त्याऐवजी रुग्णांची यादी करून तारीख, खोली, पथक, वापरलेला ट्रे, प्रतिजैविकाची वेळ आणि कल्चरचा अहवाल शेजारी शेजारी लिहावा. जंतूच्या जातीवरून शोधाची दिशा कळते. स्टॅफिलोकोकस ऑरियस बहुधा रुग्णाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नाकातून व त्वचेवरून येतो. अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचे दोन रुग्ण जरी आढळले, तरी कर्मचाऱ्यांपैकी कोणी वाहक आहे का, ते तपासावे. स्यूडोमोनास आढळल्यास पाणी, ओलसर वस्तू आणि पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या द्रावणाच्या बाटल्या तपासाव्यात. दुर्बिणीच्या छेदाजवळ काही आठवड्यांनी गाठ आली, ती वाहत राहिली आणि साध्या कल्चरमध्ये काहीच वाढले नाही, तर मायकोबॅक्टेरियाचे कल्चर मागवावे आणि त्याच दिवशी उपकरणे धुण्याची जागा पाहून यावी.

ही यादी पूर्ण होण्यासाठी घरी गेलेले रुग्णही मोजावे लागतात. बरेच संसर्ग रुग्ण घरी गेल्यानंतर दिसतात आणि तो रुग्ण अनेकदा दुसऱ्याच डॉक्टरांकडे जातो, त्यामुळे केवळ वॉर्डातील नोंदींवरून काढलेला आकडा फसवा असतो. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांनी, आणि कृत्रिम सांधा बसवला असल्यास ९० दिवसांपर्यंत, रुग्णाला फोन करून जखमेतून पाणी किंवा पू आला का, जखम उघडली का आणि कोणी नवे प्रतिजैविक दिले का, हे तीन प्रश्न विचारावेत. मिळालेली उत्तरे त्या शस्त्रक्रियेच्या पथकाला दर महिन्याला दाखवावीत.