जळगावहून कॉर्तेझच्या समुद्राकडे: छोट्या जहाजाच्या सफरीची तयारी

मेक्सिकोतील कॉर्तेझच्या समुद्रात निळे देवमासे पाहायचे असतील, तर फेब्रुवारी-मार्चमधील छोट्या जहाजाची सफर निवडावी, कारण मोठी जहाजे बेटांलगतच्या उथळ खाड्यांत शिरू शकत नाहीत. दुर्बीण ८ पटींचीच घ्यावी. हलत्या डेकवर १२ पटींच्या दुर्बिणीतून नुसती थरथर दिसते. दूरवर उंच, उभा फवारा उडाला की नजर तिथेच रोखून धरावी आणि मगच दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी. ही सवय हिवाळ्यात हतनूर धरणावर बदके पाहताना उत्तम लागते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वीच घ्यावी. भुसावळचे ऊन सोसले आहे, या मिजाशीत टोपीवर विसंबू नये. पाण्यावरून परतणारे ऊन हनुवटीखालूनही भाजते.