बडोद्याहून डायव्हिंगला निघताना: पाण्याखालचा छोटा कॅमेरा

बडोद्याला समुद्र नाही. मालवण असो, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट असो की अंदमान, इथल्या माणसाला डायव्हिंगसाठी वर्षाकाठी चार-पाच दिवस मिळतात. तिथे कॅमेऱ्याचं बटण अडकलं किंवा हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचात, पाणी शिरलं, तर दुरुस्तीला कोणी नसतं. त्यामुळे जे बिघडायचं ते घरीच बिघडू द्यावं, निघायच्या पंधरा दिवस आधी.

घेताना

खोक्यावरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सोडा, मीटरचा आकडा वाचा. ओएम सिस्टीमचा टीजी-7 आणि त्याआधीचा ऑलिंपस टीजी-6 हे हाउसिंगशिवाय 15 मीटरपर्यंत चालतात. ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केलेला डायव्हर 18 मीटरपर्यंत जातो, म्हणजे कॅमेऱ्याची हद्द तुमच्या हद्दीच्या आधीच संपते. शिवाय हा आकडा स्थिर पाण्यातला असतो. बोटीवरून उडी मारली, जोरात बटण दाबलं, की दाब क्षणभर वाढतो. दर 10 मीटरला वातावरणाएवढा दाब वाढत जातो, तेव्हा 15 मीटरवर तो पृष्ठभागाच्या अडीचपट झालेला असतो. स्कुबासाठी हे कॅमेरे पीटी-059 हाउसिंगमध्येच वापरावेत. ते दोन्ही मॉडेलना बसतं आणि 45 मीटरपर्यंत टिकतं. हाउसिंगमध्ये पाणी शिरलंच, तर आतला कॅमेरा स्वतः पाणी सोसणारा असतो, हा मोठा आधार आहे.

सीलाइफ मायक्रो 3.0 पूर्ण बंद असतो. त्याला उघडायचं दारच नाही, 60 मीटरपर्यंत जातो आणि 64 जीबी मेमरी आतच असते. विसरायला झाकणाची रिंगच नसल्याने नवख्याला तो सोयीचा, पण बॅटरी बदलता येत नाही आणि अगदी जवळचं धूसर येतं. अ‍ॅक्शन कॅमेरा व्हिडिओसाठी छान, नखाएवढ्या समुद्री गोगलगायीसाठी नाही. टीजी मात्र 1 सेंटीमीटरवरही फोकस करतो. मालवणसारख्या ठिकाणी पाणी अनेकदा गढूळ असतं, लांबचं दिसतच नाही. तिथे हाच गुण कामाला येतो. त्याचा सेन्सर फक्त 12 मेगापिक्सेलचा आहे, पण त्यावर अडून बसू नका. उरलेले पैसे एका चांगल्या व्हिडिओ लाइटवर घाला.

ओ-रिंग

ओ-रिंग म्हणजे झाकणाच्या कडेने बसणारी, पाणी अडवणारी गोल रिंग. हाउसिंगमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वेळा माणसाच्या हातून, झाकण लावताना. हे काम घाईत करू नये.

पंखा बंद करा, कारण धूळ आणि केस उडवण्याचं काम तोच करतो. हात धुऊन कोरडे करा. रिंग दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला सरकवा, म्हणजे तिचा छोटा फुगवटा वर येतो, तिथून उचला. पिन किंवा सुई वापरू नका, रिंग बसते त्या खाचेवर ओरखडा पडला की रिंग नवी घालूनही उपयोग नाही. खाच मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. कापसाच्या काडीचे तंतू मागे राहतात. रिंगवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस घ्या आणि अंगठा-तर्जनीतून रिंग हळूहळू ओढत न्या. बोटाला रेतीचा कण लागतो तो इथेच. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रिंगला फक्त सरकू देतं. पाणी दाबलेली रिंग अडवते. जास्त ग्रीस लावलंत तर त्याला उलट धूळ चिकटते. ग्रीस रिंगच्याच कंपनीचं वापरा. सिलिकॉनच्या रिंगला नेहमीचं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगून सैल होते, आणि व्हॅसलीन तर नकोच. झाकण लावल्यावर पारदर्शक भागातून रिंगची गडद रेघ सगळीकडे अखंड दिसते का ते फिरवून पाहा. कुठे फिकट दिसलं तर उघडून पुन्हा बसवा. गळतीला एक केससुद्धा पुरतो.

आता चाचणी. कॅमेरा न घालता हाउसिंगमध्ये टिश्यू पेपरची घडी ठेवा आणि ते बादलीत अर्धा तास दाबून धरा. प्रत्येक बटण दहा-वीस वेळा दाबा. बुडबुड्यांची माळ निघाली की गळती तिथेच. खोल पाण्यात दाबच झाकण घट्ट धरतो, त्यामुळे नीट न बसलेली रिंग बहुधा पहिल्या दोन-तीन मीटरांतच गळते. म्हणून बादलीची चाचणी वाटते त्यापेक्षा खूप काही सांगते. त्यानंतर लालबाग किंवा सरदारबागेच्या तरणतलावात, परवानगी घेऊन, कॅमेऱ्यासह बटणांचा सराव करा. पाण्याखाली मेनू शोधत बसलात तर पाण्यातल्या उंचीवरचा ताबा सुटतो आणि पायातली फिन प्रवाळावर आपटते.

धुकं

दमट हवेत हाउसिंग बंद केलं, की आतली वाफ थंड पाण्यात गेल्यावर काचेवर जमते. आदल्या रात्री एसी खोलीत, खोली चांगली कोरडी झाल्यावर हाउसिंग बंद करा आणि सिलिका जेलच्या एक-दोन ताज्या पुड्या रिंगला न टेकतील अशा सरकवा. बोटीवर उन्हात ठेवू नका. ओल्या टॉवेलखाली ठेवा.

पाण्यात

पाण्यात वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ दिसते. डोळ्यांना जवळ वाटतं ते कॅमेऱ्याला पुरत नाही, आणखी पुढे सरका. मोठा मासा असला तरी एक मीटरच्या आत, लहान जीव असेल तर वीतभर. मध्ये जितकं पाणी कमी, तितका फोटो स्वच्छ.

लाल रंग सर्वात आधी जातो, पाच मीटरवरच तो फिका पडतो. लाइट नसेल तर पांढऱ्या स्लेटवर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे पांढरा कोणता हे कॅमेऱ्याला दाखवा, आणि दर तीन-चार मीटर खोली बदलली की पुन्हा घ्या. लाइट किंवा फ्लॅश असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर आणि लाल फिल्टर काढलेला. लाइट आणि लाल फिल्टर एकत्र वापरले तर सगळं लालभडक येतं. रॉ (कच्ची फाइल) आणि जेपीईजी दोन्ही साठवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 400 च्या वर शक्यतो नेऊ नका.

फोटोत बर्फासारखे पांढरे ठिपके येतात ते लेन्सजवळच्या लाइटमुळे उजळलेले गाळाचे कण. लाइट हातभर बाजूला धरून किंचित बाहेरच्या दिशेला वळवा, म्हणजे झोताची फक्त कड विषयावर पडते. एक मीटरपलीकडच्या वस्तूला कॅमेऱ्याचा फ्लॅश बंदच ठेवा.

कॅमेरा स्प्रिंगच्या दोरीने बीसीडीला, म्हणजे डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटला, अडकवा. तरंगणारा पट्टा स्नॉर्केलिंगसाठी ठीक, डायव्हिंगमध्ये तो हात सतत वर ओढतो. फोटोसाठी प्रवाळ धरू नका. कडक प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते वर्षाला फार थोडं वाढतात.

आत पाणी दिसलं तर लेन्स खाली करा, म्हणजे ते कॅमेऱ्यापासून दूर जमतं. वर मात्र नेहमीच्याच गतीने, सेफ्टी स्टॉपसह, म्हणजे पृष्ठभागाच्या आधी ठरलेला वेळ थांबून, या. कॅमेऱ्यापायी घाईने वर येणं जिवावर बेततं. बोटीवर बॅटरी आणि कार्ड लगेच काढा आणि चालू करून पाहू नका. खारं पाणी लागलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवलं की फक्त पीठ आत शिरतं.

परतल्यावर

मीठ बटणांच्या दांड्यांवर सुकतं आणि त्या अडकतात. डाइव्ह संपल्यावर हाउसिंग बंद ठेवूनच अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवा आणि बटणं दाबत राहा. घरी पुन्हा धुताना बोअरचं पाणी नको, त्याच्या क्षाराचा पांढरा थर काचेवर बसतो. आजवा तलावाचं किंवा मही नदीचं नळाचं पाणी चालेल. केस आणि कपाळ पुसल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर वरून ठिबकतं. पावसाळ्यात कॅमेरा वापरायचा नसेल तर बॅटरी काढा, मुख्य रिंग काढून छोट्या पिशवीत सैल ठेवा आणि कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात घाला. ऑगस्टपर्यंत कपाटात उघडा राहिला तर लेन्सला बुरशी लागते.