रास्ताफारी नसताना परदेशात ड्रेडलॉक्स बाळगण्याविषयी

जमैकात उगम पावलेल्या रास्ताफारी पंथाशी काडीचाही संबंध नसताना ड्रेडलॉक्स, म्हणजे जटा, ठेवणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात कोणाला दुखावण्याचा विचारही नसतो. तरीही जमैकातल्या किंग्स्टनच्या बाजारात, इथिओपियातल्या शाशेमेनेच्या रास्ताफारी वस्तीत किंवा लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये अशा प्रवाशाच्या डोक्याकडे पाहून समोरचा माणूस त्याच्याविषयी काहीतरी ठरवून मोकळा होतो. तो समज तसाच राहू द्यायचा की दूर करायचा, हे प्रवाशाच्या हातात असते. माझ्या मते साऱ्या शिष्टाचाराचे मूळ इथेच आहे: जटा कोणीही वाढवाव्यात, पण ज्यांच्यासाठी त्या व्रत आहेत त्यांच्यासमोर आपणही ते व्रत घेतले आहे असा आव कधीही आणू नये. पुढच्या सूचना याच एका नियमातून निघतात.

हे व्रत कशाचे आहे

2 नोव्हेंबर 1930 रोजी रास तफारी मकोनेन यांचा अदिस अबाबात हैले सेलासी पहिले या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला आणि दूर जमैकात, लेनर्ड हॉवेल यांच्यासारख्या प्रवचनकारांनी त्यांच्यात कृष्णवर्णीयांचा तारणहार पाहिला. हॉवेल यांनी 1940 मध्ये पिनॅकल नावाची वसाहत उभी केली, आणि पोलिसांनी तिच्यावर वारंवार धाडी घालून 1954 मध्ये ती मोडून काढली. जटांची प्रथा त्यानंतर पक्की रुजली. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाजीर व्रत, म्हणजे स्वतःला देवाला वाहून घेण्याचे व्रत, घेणाऱ्याच्या डोक्याला वस्तरा लागू नये अशी आज्ञा आहे, आणि बहुतेक रास्ताफारी आपल्या जटांचा आधार म्हणून तीच सांगतात. प्रथेच्या उगमाविषयी आणखीही मते आहेत. कोणी केनियात ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेल्या माऊ माऊ लढवय्यांकडे बोट दाखवतात, तर काही अभ्यासक 1845 पासून जमैकात आलेल्या भारतीय मजुरांचा आणि त्यांच्या साधू-बैराग्यांच्या आठवणींचा प्रभाव मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून एखाद्या वयस्क रास्ताफारी माणसासमोर ‘हे मूळचे आमचेच’ असे म्हणणे चुकीचे तर ठरतेच, शिवाय उद्धटपणाचेही दिसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या केसांसाठी लोकांनी मोजलेली किंमत. एप्रिल 1963 मध्ये जमैकातल्या माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्स इथे हिंसाचार झाला आणि त्यानंतर सरकारी यंत्रणेने त्या भागातल्या रास्ताफारी लोकांना सरसकट पकडले, मारहाण केली आणि अनेकांच्या जटा कापल्या. जमैकाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती 2017 मध्ये. घानातल्या अचिमोटा शाळेने दोन रास्ताफारी विद्यार्थ्यांना जटांमुळे प्रवेश नाकारला, तेव्हा 2021 मध्ये अक्राच्या उच्च न्यायालयाला त्यांच्या बाजूने निकाल द्यावा लागला. मलावीत असाच निकाल 2023 मध्ये लागला. जे केस प्रवाशाच्या डोक्यावर ‘हटके’ म्हणून खपून जातात, त्याच केसांपायी स्थानिक मुलांना शाळेच्या दारातून परत फिरावे लागले आहे, हे ठाऊक असले की अर्धा शिष्टाचार आपोआप पाळला जातो.

निघण्यापूर्वी

तुमच्या जटा आधीपासूनच असतील तर त्या सहलीसाठी काढून टाकण्याचे कारण नाही. पण नसतील तर केवळ जमैकाला जायचे म्हणून घाईने त्या करवून घेऊ नयेत. समुद्रकिनाऱ्यावर तासाभरात जोडून घेतलेले कृत्रिम केस आठवण म्हणून मिरवणे तर पूर्णपणे टाळावे. पर्यटकांच्या दुकानांत लाल, सोनेरी आणि हिरव्या रंगाची, आतून खोट्या जटा लोंबणारी टोपी मिळते. ती विकणारा स्थानिक असला तरी ती घालण्यातला उपहास कमी होत नाही. पोटासाठी काय विकावे हा त्याचा प्रश्न आहे आणि डोक्यावर काय चढवावे हा तुमचा.

कपड्यांचाही विचार करावा. इथिओपियाच्या झेंड्यातले तीन रंग, इथिओपियाच्या सम्राटांचे चिन्ह असलेल्या यहूदाच्या सिंहाचे चित्र, हैले सेलासींची प्रतिमा असलेले पदक यांतले काहीही जटांसोबत अंगावर आले की ती पंथाची उघड घोषणा होते. गळ्यात माळ घालून मटणाच्या पंगतीला बसणाऱ्याकडे लोक जसे पाहतात, तसेच मग तुमच्याकडे पाहतील. म्हणून डोक्यावर जटा असतील तर बाकीचा वेश साधा ठेवावा. डोके झाकायचे असल्यास एकरंगी रुमाल किंवा साधी टोपी पुरते. रास्ताफारींमधल्या बोबो अशांती शाखेचे लोक जटा आत घेऊन घट्ट फेटा बांधतात, त्याची नक्कल करू नये, कारण तो त्यांच्या शाखेची ओळख आहे. जाता जाता एक वेगळी सूचना: लष्करी ठिपक्यांच्या नक्षीचे कपडे सामान्य नागरिकांनी घालण्यास जमैकासह कॅरिबियनमधल्या अनेक देशांत बंदी आहे, तेव्हा ते घरीच ठेवावेत.

विमानतळावर

इथे तांत्रिक अडचणी अधिक आणि तत्त्वाचा प्रश्न एकच. दाट केसांवर शरीर तपासणारे यंत्र अनेकदा खूण दाखवते आणि मग अधिकारी हातमोजे घालून जटा चाचपून पाहतात. केसांत ओवलेले धातूचे मणी, कड्या आणि तारा आदल्या दिवशीच काढून ठेवल्या तर बराच वेळ वाचतो. जटा डोक्यावर गुंडाळून अंबाडा बांधला असेल तर तो सोडायला सांगतात. म्हणून त्या मोकळ्या किंवा मानेपाशी सैल बांधलेल्या असाव्यात. तपासणी एकांतात व्हावी अशी विनंती करता येते, आणि ती करायला संकोच वाटू देऊ नये.

तत्त्वाचा प्रश्न टोपीचा आहे. पासपोर्टच्या छायाचित्रात किंवा तपासणीच्या वेळी डोके झाकलेले ठेवण्याची सवलत अनेक देश केवळ धार्मिक कारणासाठी देतात. अधिकाऱ्याने विचारले की ‘हे धार्मिक आहे का?’, तर तुमचे उत्तर ‘नाही’ हेच असले पाहिजे, मग त्यासाठी टोपी काढून सगळ्या रांगेसमोर केस सोडावे लागले तरी चालेल. ही सवलत मिळवण्यासाठी श्रद्धावंतांना झगडावे लागले आहे आणि प्रत्येक खोटा दावा पुढच्या खऱ्या रास्ताफारी माणसाविषयीचा संशय वाढवतो.

ओळख झाल्यावर काय बोलावे

रस्त्यावरचा फेरीवाला ‘रास्ता!’ अशी हाक मारतो ती गिऱ्हाईक थांबावे म्हणून. तिथे हसून पुढे गेले तरी पुरेसे आहे. पण एखादी वयस्क व्यक्ती थांबून आदराने अभिवादन करते, छातीवर हात ठेवते किंवा पंथाविषयी बोलू लागते, तेव्हा पहिल्या दोन वाक्यांतच स्वच्छ सांगावे की मी रास्ताफारी नाही, केस एवढेच ठेवले आहेत. याहून लांब खुलासा लागत नाही. पुढे ‘मग का ठेवलेस?’ असा प्रश्न येईल. खरे कारण ‘आवडतात म्हणून’ इतकेच असेल तर तेच सांगावे. उगाच अध्यात्म लावू नये. जटा ठेवून पंथाचे काहीच न पाळणाऱ्याला जमैकात ‘लांडगा’ म्हणतात, म्हणजे मेंढराचे कातडे पांघरलेला. तो शब्द खोटेपणावर रोख धरतो, त्यामुळे सरळ सांगून टाकणाऱ्याला तो सहसा ऐकावा लागत नाही.

भाषेची नक्कल करू नये. ‘जाह’चा, म्हणजे देवाचा, जयघोष, ‘मी’ किंवा ‘आम्ही’ऐवजी ‘आय अँड आय’ यांसारखे शब्दप्रयोग आणि मुठी जुळवून केलेले अभिवादन ही त्यांच्या श्रद्धेची भाषा आहे. समोरच्याने मूठ पुढे केली तर प्रतिसाद द्यावा, आपण होऊन सुरुवात करू नये. पंथाच्या नावापुढे ‘इझम’ लावलेलेही अनेकांना खपत नाही. तेव्हा ‘रास्ताफारी’ एवढेच म्हणावे. दुसऱ्याच्या जटांना हात लावणे तर दूरच राहो, ‘हात लावू का?’ असे विचारूही नये.

इंग्लंड-अमेरिकेत वेगळ्या प्रकारचा प्रश्न येऊ शकतो. एखादी कृष्णवर्णीय व्यक्ती थेट म्हणेल की या केसांपायी आमच्या नोकऱ्या गेल्या आणि तुम्ही त्यांची फॅशन करता. हे म्हणणे निराधार नाही. जटा कापायला नकार दिल्यामुळे नोकरीची संधी गमावलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या खटल्यात अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने 2016 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता, आणि केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने केला तो 2019 मध्ये. अशा वेळी जगातल्या सगळ्या जटाधारी संस्कृतींची यादी वाचून दाखवू नये. ऐकून घ्यावे, वाद घालू नये आणि केस ठेवायचे की नाही हा निर्णय नंतर शांतपणे स्वतःचा स्वतः घ्यावा.

गांजाविषयी

जटा दिसल्या की काही लोक गांजा विकायला येतात आणि काही ठिकाणी पोलीस झडती घ्यायला येतात. जमैकात 2015 च्या दुरुस्तीनंतर दोन औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे 56 ग्रॅम, गांजा बाळगणे हा अटकेचा गुन्हा राहिलेला नाही; पण त्यासाठी 500 जमैकन डॉलरचा दंड आहे, आणि गांजा विमानतळावरून बाहेर नेणे हा गंभीर गुन्हाच आहे. त्याच कायद्याने रास्ताफारी लोकांना धार्मिक उपयोगाची मुभा दिली. ती मुभा तुमच्यासाठी नाही, आणि केस दाखवून ती मागणे म्हणजे वर सांगितलेला खोटेपणा कायद्यासमोर करणे होय. इथिओपियात तर गांजाला बंदी आहे आणि शाशेमेने त्याला अपवाद नाही. प्रत्येक रास्ताफारी गांजा ओढतोच असेही नाही, हे विचारण्याआधी लक्षात ठेवावे.

समारंभाला किंवा वस्तीवर जाताना

न्याबिंगी मेळावे, म्हणजे ढोल आणि प्रार्थनांचे रास्ताफारी समारंभ, 21 एप्रिल, 23 जुलै आणि 2 नोव्हेंबर या दिवसांच्या सुमारास भरतात. पहिला दिवस हैले सेलासींच्या 1966 मधल्या जमैकाभेटीचा, दुसरा त्यांच्या जन्माचा आणि तिसरा राज्याभिषेकाचा. निमंत्रण किंवा निदान परवानगी असल्याशिवाय जाऊ नये. प्रार्थनेच्या वेळी पुरुष डोके उघडे करतात आणि स्त्रिया झाकतात; म्हणजे जटाधारी पुरुषाने टोपी काढायची आणि जटाधारी स्त्रीने रुमाल बांधायचा. स्त्रियांनी लांब घागरा किंवा स्कर्ट घालावा. एकात एक मिसळणारे तीन ढोल रात्रभर वाजत राहतात: मोठा बास खोल ठोका देतो, फुंडे ताल धरून ठेवतो आणि रिपीटर त्यावर बोलतो. ते ऐकावे, पण कोणी बोलावल्याशिवाय ढोलांना हात लावू नये. छायाचित्र एकदा विचारूनच काढावे. नकार मिळाल्यास दुसऱ्यांदा विचारू नये.

किंग्स्टनच्या पूर्वेला बुल बे इथल्या टेकडीवर बोबो अशांतींची वस्ती आहे आणि तिथले नियम सर्वांत कडक आहेत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांवर बंधने असतात आणि पाहुण्या स्त्रीलाही त्याविषयी विचारणा होऊ शकते. मला स्वतःला हा नियम पटत नाही. पण ज्याला तो मान्य नाही त्याने तिथे न जाणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. आत जाऊन वाद घालणे किंवा खोटे उत्तर देणे दोन्ही गैर.

इथिओपियात मात्र हिशोब उलटा होतो. शाशेमेनेची जमीन हैले सेलासींनी परतू इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी दिली आणि तिथे रास्ताफारी कुटुंबे स्थायिक झाली, तरी बहुतेक इथिओपियन लोकांना सम्राट देव वाटत नाहीत. 1974 मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि त्यामागे वोलो प्रांतातल्या दुष्काळाचा संताप होता, हे तिथे अजून विसरले गेलेले नाही. त्यांचे अवशेष नोव्हेंबर 2000 मध्ये अदिस अबाबाच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये पुरले गेले, तर पुष्कळ रास्ताफारी त्यांचा मृत्यू झाला हेच मानत नाहीत. म्हणून जटा घेऊन तिथल्या टॅक्सीत बसल्यावर सम्राटाची स्तुती करू नये, आणि शाशेमेनेत जाऊन त्यांच्या मृत्यूविषयी छेडू नये.

केसांची निगा

निगा हाही शिष्टाचाराचाच भाग आहे, कारण जटा म्हणजे घाण हा आरोप रास्ताफारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे आणि तुमच्या डोक्याला येणारी कुबट दुर्गंधी त्यालाच दुजोरा देते. ही दुर्गंधी न धुण्याइतकीच न वाळवण्यामुळेही येते. समुद्रात पोहून आल्यावर गोड्या पाण्याने केस धुवावेत, प्रत्येक जट मुळापासून टोकापर्यंत मुठीत धरून पिळावी, मग कोरड्या पंचात दाबून पाणी टिपावे आणि ती आतपर्यंत वाळेस्तोवर, म्हणजे जाड जटांना बरेच तास लागतात, टोपीत कोंडू नये. रात्री ओले केस बांधून झोपणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. मेण लावू नये; ते आत साचून राहते. वाटेत केस नीट करून घ्यायचे असतील तर ते काम जाणणाऱ्या स्थानिक कारागिराकडे जावे, त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि मुळे फार घट्ट वळू नकोस असे आधीच सांगावे, कारण सततच्या ताणाने कपाळाजवळचे केस कायमचे जातात.

जटांचा कंटाळा आला आणि त्या काढून टाकायच्या ठरल्या, तर ते काम परत आल्यावर करावे. वस्तरा न लावणे हे ज्यांचे व्रत आहे त्यांच्या गावात किनाऱ्यावर बसून, कॅमेऱ्यासमोर, हसतखेळत जटा कापून घेणे टाळावे. आणि थांबणे शक्यच नसेल, तर बंद खोलीत कापून घेऊन कापलेले केस कोणाला न देता बांधून सोबत न्यावेत.